वाक्य आणलंस का?

अनेक आशीर्वाद.

काल तू गेल्यावर तुझा पीएच.डी.चा आराखडा मी पुन्हा एकदा वाचला. बावीस पानं. उद्दिष्टं आहेत, गृहीतकं आहेत, व्याप्ती आणि मर्यादा आहेत, प्रकरणरचना आहे, शेवटी साडेतीन पानांची संदर्भसूची आहे. आरआरसीच्या, म्हणजे आराखडा मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीच्या, बैठकीला पंधरा दिवस राहिले म्हणून तू रडकुंडीला आली होतीस आणि मी चहा टाकायच्या निमित्ताने आत निघून गेले. तेव्हा बोलले असते तर ओरडले असते. म्हणून हे पत्र.

"मॅडम, यात नेमकं काय कमी आहे?" असं विचारलंस. कमी काही नाही गं, उलट जास्तच आहे. फक्त तुझं म्हणणं, एका वाक्यात सांगता येईल असं, त्यात कुठे नाही.

शीर्षकच घे. 'माण तालुक्यातील १९७२ चा दुष्काळ आणि ग्रामीण स्त्रिया : एक चिकित्सक अभ्यास'. हे 'एक चिकित्सक अभ्यास' आपल्याकडे लग्नपत्रिकेवरच्या 'श्री गजानन प्रसन्न'सारखं झालंय, नसलं तर काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. शोधगंगेवर, त्या प्रबंधांच्या संकेतस्थळावर, जाऊन मोजायला लागलीस तर कंटाळशील. माझ्याही प्रबंधावर आहे, सोनेरी अक्षरांत. मग उद्दिष्टं. पहिलं 'अभ्यास करणे', दुसरं 'आढावा घेणे', तिसरं 'स्वरूप जाणून घेणे'. आणि गृहीतक? 'दुष्काळाचा ग्रामीण स्त्रियांच्या जीवनावर दूरगामी परिणाम झाला.' याला नाही कोण म्हणणार? तुझ्या गावातला, विद्यापीठातला, कुठलाही एक माणूस दाखव, जो म्हणेल की नाही बुवा, बहात्तरच्या दुष्काळाचा बायांवर काही परिणाम झाला नाही. ज्याला कुणीच नाही म्हणू शकत नाही, ते सिद्ध करायला तीन वर्षं आणि फेलोशिप कशाला लागते?

हे मी तुला वर्गातही सांगितलं होतं. तेव्हा तू मान डोलावलीस. मान डोलावणारी मुलं मला आता घाबरवतात.

तुझी टिपणं पाहिली. पाहिली म्हणजे तू फोन पुढे केलास आणि मी अंगठ्याने सरकवत राहिले. ग्रंथालयातल्या पानांचे सहाशे-सातशे फोटो, आणि एका फाइलमध्ये चिकटवलेले उतारे. फोटो काढला म्हणजे वाचलं नव्हे, हे तुला कळतं, त्यावर बोलत नाही. पण त्या फाइलमध्ये एक वाक्य मला सात ठिकाणी दिसलं: 'बहात्तरला धान्याचा दुष्काळ होता, पाण्याचा नव्हता.' सात लेखकांची नावं आहेत. शोधत मागे गेलीस तर कळेल की त्यातल्या चौघांनी एकमेकांचंच उचललंय आणि उरलेल्या तिघांनी कुठून घेतलं तेच लिहिलेलं नाही. म्हणजे टिपणं सात आणि साक्षीदार एकही नाही. माणमध्ये त्या उन्हाळ्यात विहिरींना पाणी होतं का? हे तुला तुझ्या आजीने सांगितलं असतं. तू विचारलं नाहीस, कारण छापलेलं होतं.

आणि संदर्भसूचीत, माण ज्यात येतो त्या सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ. ती सुधारित आवृत्ती १९६३ ची आहे. तीत बहात्तर कसं सापडणार, सांग बरं?

असो. रागावत नाही. माझी गोष्ट सांगते.

मी १९८४ साली नोंदणी केली. विषय सोलापूरचे गिरणी कामगार. पहिली दोन वर्षं मी नुसती गोळा करत सुटले होते. पत्र्याच्या दोन ट्रंका भरल्या, आणि ट्रंका भरल्या की काम झाल्यासारखं वाटतं. १९८६ च्या उन्हाळ्यात जुन्या गिरणीजवळच्या एका चाळीत एक म्हातारे साचेवाले, म्हणजे गिरणीत मागावर काम केलेले, भेटले. मार्शल लॉच्या वेळी चौदा-पंधरा वर्षांचे असतील. मी त्यांना तेच विचारलं जे सगळे विचारायचे. मे १९३० मध्ये काय झालं, लष्कर शहरात आलं तेव्हा तुम्ही कुठे होता, १२ जानेवारी १९३१ ला चौघांना फाशी दिलं त्या दिवशी सोलापुरात काय होतं. त्यांनीही तेच सांगितलं जे ते सगळ्यांना सांगत आले असतील. मग चहा झाला, आणि ते आपल्या आईविषयी बोलायला लागले. ती रिळाच्या खात्यात होती. पाऊण तास तरी बोलले असतील. माझ्या वहीत त्या पाऊण तासाची नोंद अशी आहे: 'आईविषयी बरंच बोलले.'

तीन शब्द. ती वही अजून आहे माझ्याकडे, आलीस की दाखवते.

पुढे कितीतरी उशिरा, १९९१ मध्ये, मला माझं म्हणणं सापडलं. गिरणी बंद पडली की घर कुणाच्या जोरावर चालायचं? बायांची उधारी, बायांची विडी. संपाचा इतिहास युनियनच्या कागदांत आहे, पण संप टिकायचा तो चुलीपाशी, असं काहीसं ते होतं. आणि ते सुचल्याबरोबर मला ती वही आठवली. रात्रीच्या पॅसेंजरने सोलापूर गाठलं. खोलीला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, मागच्या आषाढात गेले.

तू म्हणशील, नशीब. नशीब नव्हे. वाक्य नव्हतं माझ्याकडे. वाक्य असतं तर आईचं नाव निघताच माझा पेन थांबला नसता. माझ्यापुढे माणूस सोनं ओतत होता आणि मी मनात म्हणत होते, आता हे विषयाबाहेर चाललेत.

त्याआधीच, आराखडा पहिल्यांदा मांडला तेव्हा, समितीतल्या एका वयस्कर सदस्यांनी माझं वीस मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, माहिती कळली. म्हणणं कळलं नाही." आराखडा परत. मी कितीतरी वर्षं लोकांना सांगत होते की त्या गृहस्थांना बायकांनी संशोधन केलेलं खपत नाही. तेही खरं असेल. पण त्यांनी विचारलं ते बरोबर होतं, आणि हे मान्य करायला मला निवृत्तीपर्यंतचा वेळ लागला.

आता टिपणांचं. येरवड्याला डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या महाकोशाचं काम चालतं. तिथली चिठ्ठ्यांची कपाटं एकदा जाऊन बघ. १९४८ मध्ये डॉ. कत्रे यांनी काम सुरू केलं. दीडेक हजार ग्रंथांतून शब्द वेचून काढले, त्यांच्या कोटीभर चिठ्ठ्या झाल्या, आणि पहिला भाग छापून आला १९७६ मध्ये. एका चिठ्ठीवर एक शब्द, तो कुठे आला, कोणत्या ओळीत आला, बस. मी विद्यार्थी असताना ते पाहून आले आणि मला वाटलं, आपणही असंच करावं. घरी येऊन कार्डशीट कापली. दोन ट्रंका त्यातूनच भरल्या.

माझी चूक कुठे झाली, ते ऐक. कोशवाल्यांची चिठ्ठी कुठे ठेवायची हे आधीच ठरलेलं असतं. अकारविल्हे. कोटी चिठ्ठ्या असोत, प्रत्येकीला घर आहे. तुझ्या-माझ्या टिपणांना अकारविल्हे नसतं. दुष्काळी कामावर खायला मिळायची त्या सुकडीवरचं टिपण 'स'मध्ये ठेवून काय करशील? आपलं वाक्य हेच आपलं अकारविल्हे. ते नसेल तर प्रत्येक टिपण महत्त्वाचं वाटतं, म्हणजेच एकही महत्त्वाचं नसतं.

तुझ्याकडे सुकडीवर अकरा टिपणं आहेत. तांबड्या मिलोवर, त्या परदेशातून आलेल्या ज्वारीवर, सहा. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे यांच्यावर चार, योजनेसाठीचा १९७५ चा व्यवसाय कर, तिचा १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून त्याची अंमलबजावणी, सगळं बरोबर उतरवलंयस. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर कामावरच्या मजुरांचा आकडा पन्नास लाखांच्या घरात गेला होता, तेही आहे. हे सगळं पुस्तकांत आहे. ते तुझ्या आराखड्यात कशासाठी आहे, हे तुला सांगता येत नाही.

आता एक वाक्य मी तुला नमुन्याला देते. वापरायला नाही, मोडायला. 'माणमधल्या दुष्काळी कामांवर बाईचं नाव हजेरीपटावर स्वतंत्र लागलं, पण पगार घरच्या कर्त्याच्या हाती पडत राहिला. म्हणून पुढे रोजगार हमी कायद्याने आली तरी घरातलं तिचं स्थान फारसं हललं नाही.' हे खरं आहे का? मला ठाऊक नाही. तेच तर हवंय. याला नाही म्हणणारे लगेच उभे राहतील. एक म्हणेल, नाव स्वतंत्र लागतच नव्हतं, जोडीने लागायचं. दुसरी म्हणेल, पगार माझ्या हातात पडला, मी मोजून घेतला. तिसरा म्हणेल, स्थान हललं, पण ते घरात नाही, गावात. बघ, लगेच कुठे जायचं ते कळायला लागलं. हजेरीपट कुणाच्या दप्तरात शिल्लक आहेत का, ते आधी बघायला हवं. नसतील तर वाक्य आत्ताच बदल, नोंदणी झाल्यावर नको. विधिमंडळात त्या दोन वर्षांत मजुरीवर काय बोललं गेलं, ते वाचायला हवं. मुकादमाला विचारायला हवं, पगाराच्या दिवशी रांगेत कोण उभं राहायचं. आणि सुकडी? सुकडी आता एका ओळीत बसते. कामावर मिळालेलं खाणं बाई तिथेच खायची की पदराला बांधून घरी न्यायची, एवढंच तिच्याबद्दल तुला हवंय. दहा टिपणं बाजूला ठेव. रडू नकोस, ती पुढे लेखाला होतील.

तुझ्या आधी एक मुलगा होता माझ्याकडे. हुशार, कष्टाळू. आराखडा अगदी तुझ्यासारखा, सगळे रकाने भरलेले. मी तीनदा परत पाठवला. चौथ्यांदा तो आलाच नाही, दुसऱ्या गाईडकडे गेला. साडेतीन वर्षांत डॉक्टरेट झाली, आता सहयोगी प्राध्यापक आहे, दिवाळीला न चुकता फोन करतो. त्याचा प्रबंध मी अथपासून इतिपर्यंत वाचला. तीनशे बारा पानं. वाक्य नाही. म्हणजे माझंच बरोबर होतं. त्याच्या घरी दोन बहिणी लग्नाच्या होत्या आणि त्याला नोकरीची घाई होती, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी सही केली नाही. सहकारी म्हणाले, तुमचा हट्ट आणि पोराचं नुकसान. नुकसान कुठे झालं? झालं तर माझं झालं, चांगला विद्यार्थी गेला. आजही तो आराखडा समोर आला तर सही करणार नाही मी. हे तुला का सांगतेय? कदाचित तूही जाशील म्हणून. गेलीस तरी दिवाळीला फोन कर.

जाणार नसशील तर पंधरा दिवस पुरेसे आहेत. लॅपटॉप उघडू नकोस. आराखड्याचे ते रकाने शेवटच्या दोन रात्रींत भरून होतात, त्यांची काळजी सोड. कार्डशीट कापून घे. एका कार्डावर एकच गोष्ट, आणि तीही सांगणाऱ्याच्या शब्दांत. तुझ्या शब्दांत 'आर्थिक सक्षमीकरण झाले' असं लिहिलंस तर कार्ड फाडेन. वर कोण म्हणालं, कुठे, कोणतं पान. खाली कोपऱ्यात एवढंच: वाक्याला हो की नाही. चाळीस कार्डांत एकही 'नाही' आलं नाही, तर समज की तू फक्त हो म्हणणाऱ्यांकडेच गेलीस. आणि वाक्य बदलेल. बदलू दे. माझं पाच वेळा बदललं. दर वेळी तारीख घालून नवीन लिही, जुनं खोडू नकोस. पण रोज सकाळी काहीतरी एक वाक्य कागदावर पाहिजे, चुकीचं का असेना. मी फोन करून विचारणार आहे. बाकी काही नाही विचारणार, जेवलीस का म्हणूनही नाही. वाक्य आणलंस का?

आता शेवटचं. काल चहा पिताना तू सहज बोलून गेलीस की आजीने पाझर तलावाच्या कामावरच्या पैशांतून पितळी हंडा घेतला होता आणि तो अजून माजघरात आहे. लगेच पुढच्या विषयाला गेलीस. बावीस पानांत हा हंडा कुठेही नाही. मी तेव्हा काही बोलले नाही, पण माझ्या अंगावर काटा आला. मला माझी वही दिसली.

माझ्या नमुन्याच्या वाक्याला तुझ्या घरातूनच पहिला नकार आलाय, कळतंय का? पगार कर्त्याच्या हाती पडत होता तर हंडा आला कुठून? की आजोबांनी घेऊन दिला आणि आजी 'मी घेतला' म्हणते? की पैसे तिचे, पण बाजारात गेले ते?

तर रविवारी गावी जा. आजीची तब्येत कशी आहे तू सांगितलंयस, म्हणून पुढच्या महिन्यात नको, याच रविवारी. रेकॉर्डर लाव, पण हातानेही लिही. पगार कोणत्या वारी व्हायचा, अंगठा कुणी उठवायचा, हंडा कुठल्या बाजारातून आणला, ते विचार. आणि तो हंडा उजेडात घेऊन नीट बघ. भांड्यावर नाव घातलेलं असेल. आजीचं आहे की आजोबांचं?

तुझी
मॅडम