केमो चालू असताना सहा मिनिटं चालायला का लावतात?

तुम्ही विचारलंय, वडिलांना फुफ्फुसाचा कॅन्सर आहे, केमोचे दोन डोस झालेत, जिना चढताना दम लागतो, तरी ‘सहा मिनिटं चालून दाखवा’ म्हणतात. हा छळ कशासाठी? मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणजे हा छळ रोज करणाऱ्यांपैकीच.

डॉक्टरांनी ‘कसं वाटतंय?’ विचारलं की पेशंट ताठ बसतो आणि ‘एकदम बरं’ म्हणतो. फाइलवर ० ते ५ चा ईसीओजी आकडा असतो, म्हणजे पेशंट रोजची कामं कितपत करू शकतो याचा; ० म्हणजे पूर्ण धडधाकट. उपचार ठरवायला तो लागतोच, पण अर्धा तास फिरून येणारा आणि हलक्या कामानंही दमणारा, दोघंही १ मध्ये बसू शकतात. पाय मात्र खोटं बोलत नाहीत.

टेस्टमध्ये सहा मिनिटांत किती मीटर चाललात ते मोजतात. ३० मीटरचा सपाट पॅसेज लागतो, बोटाला ऑक्सिमीटर. धावायचं नाही. थांबलात तरी चालेल, घड्याळ थांबत नाही. आम्हीही मिनिटामिनिटाला ठरलेलं वाक्य तेवढं बोलतो. ‘चला काका, चला!’ केलं की माणूस जोर लावतो आणि आकडा फुगतो. माझे एक पेशंट दर फेरीला खिडकीपाशी ‘बाहेर काय चाललंय’ बघायला थांबायचे. बाहेर काहीच चाललेलं नसायचं, ऑक्सिमीटरवर मात्र ऑक्सिजन ८६ पर्यंत उतरलेला असायचा.

शेजारच्या पेशंटशी तुलना करू नका. वडिलांचा आजचा आकडा त्यांच्याच मागच्या आकड्याशी ताडायचा. या आजारात साधारण २२ ते ४२ मीटरचा फरक खरा धरतात. पाचदहा मीटर इकडेतिकडे होतातच. अंतर घटलं तर कारण शोधता येतं: हिमोग्लोबिन उतरलंय, स्टेरॉइडनं मांड्या गळाल्यात, की फुफ्फुसाभोवती पाणी झालंय. प्रत्येकाचा इलाज वेगळा.

घरी मोजायचं तर खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहतात ते मोजा. दरवेळी डोसच्या आदल्याच दिवशी, तीच खुर्ची. केमोनंतर चौथ्या दिवशी मोजून उगाच रडत बसू नका. हाडांत गाठी असतील किंवा चक्कर येत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, आणि मोजताना कुणीतरी शेजारी उभं राहा.