सोरॉरिटीच्या फॉर्मवर सही करावी का? नऊ वर्षं अ‍ॅडव्हायझर असलेल्या एकीचं उत्तर

तुमचा प्रश्न मी पुन्हा नीट वाचला. ओहायोतल्या विद्यापीठात शिकवायला लागून तुम्हाला दोन वर्षं झाली. वर्गातल्या भारतीय वंशाच्या तीन मुली त्यांच्या सोरॉरिटीसाठी, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या संघटनेसाठी, अ‍ॅडव्हायझर (मार्गदर्शक शिक्षक) नेमायचा फॉर्म घेऊन आल्या आणि "प्रोफेसर, फक्त एक सही हवी आहे" म्हणाल्या. घरी सगळ्यांचं मत पडलं की या भानगडीत पडू नकोस. सही केली तर नक्की काय अंगावर येतं, हे तुम्हाला हवं आहे.

मीही ओहायोतच शिकवते. दक्षिण आशियाई मुलींच्या एका सोरॉरिटीच्या आमच्याकडच्या चॅप्टरची (शाखेची) नऊ वर्षं फॅकल्टी अ‍ॅडव्हायझर आहे. माझं म्हणणं, सही जरूर करा. पण "फक्त सही" करणार असाल तर करू नका. कागदावर तुमचं नाव आलं की विद्यापीठ, मुलींचे आईवडील, त्यांचं राष्ट्रीय मुख्यालय, सगळेच धरून चालतात की कोणीतरी जाणतं माणूस लक्ष ठेवून आहे. तिथे प्रत्यक्षात कोणी नसेल तर ती सही मुलींच्या जिवावर बेतू शकते.

फ्रॅटर्निटी, म्हणजे मुलांची अशीच संघटना, म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बिअरचे लाल कप येतात, म्हणून थोडं मागचं सांगते. ग्रीक अक्षरांचं नाव घेतलेली पहिली संस्था, फाय बीटा कॅपा, १७७६ ची. आज दिसतात तशा सामाजिक फ्रॅटर्निटीची सुरुवात न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात १८२५ च्या सुमारास झाली. काळ्या विद्यार्थ्यांना त्यांत जागा नव्हती, तेव्हा कॉर्नेलमध्ये १९०६ साली अल्फा फाय अल्फा निघाली आणि हॉवर्ड विद्यापीठात १९०८ साली मुलींची अल्फा कॅपा अल्फा. आपल्या मुलांच्या संघटना फार उशिरा आल्या, बहुतेक सगळ्या १९९० च्या दशकातल्या. बिंगहॅम्टनला १९९४ मध्ये आयोटा न्यू डेल्टा, ह्यूस्टनला १९९८ मध्ये मुलींची डेल्टा फाय ओमेगा. त्यांनी रीतिरिवाज बरेचसे काळ्या विद्यार्थ्यांच्या संघटनांकडून घेतले. नव्या मुलींच्या तुकडीला "लाइन" म्हणणं, शेवटी सगळ्या कॅम्पससमोर नव्या मुलींची ओळख करून देणारा "प्रोबेट", तालात रांगेने केलेला "स्ट्रोल" नाच. हे शब्द तुमच्या कानावर सारखे पडतील.

या मुलींना त्यातून काय मिळतं, तेही बघा. आमच्या चॅप्टरमध्ये कधी बारा मुली असतात, कधी सात. मोठ्या सोरॉरिट्यांसारखं स्वतःचं घर नाही. घरी "आमची मुलगी अमेरिकन झाली" आणि वर्गात "तू मूळची कुठली?" हे दोन्ही ऐकत वाढलेल्या मुली इथे पहिल्यांदा काहीही समजावून न सांगता बोलू शकतात. एका तुकडीने गरब्याची तिकिटं विकून घरगुती हिंसेतून बाहेर पडलेल्या बायकांच्या निवाऱ्यासाठी पैसे उभे केले. हॉल मिळवणं, सुरक्षारक्षकांची सोय, हिशेब, सगळं एकोणीस-वीस वर्षांच्या पोरींनी केलं. मी फक्त शेवटच्या रांगेत उभी होते. म्हणूनच "भानगड" हा शब्द मला लागतो.

आता जबाबदारीकडे येते. अ‍ॅडव्हायझर हा शब्द तीन वेगळ्या माणसांसाठी वापरतात, आणि गोंधळ तिथेच होतो. विद्यापीठाच्या फ्रॅटर्निटी-सोरॉरिटी ऑफिसमध्ये नोकरीला असलेली व्यक्ती एक. मुख्यालयाने नेमलेली, बहुधा जुनी सदस्य असलेली चॅप्टर अ‍ॅडव्हायझर दुसरी. आणि तिसऱ्या तुम्ही. पहिल्या दोघींना फोन करून ओळख करून घेतल्याशिवाय सही करू नका. त्यांच्यातली एखादी जागा रिकामी असेल तर तिचं ओझं न सांगता तुमच्यावर येईल, तेव्हा तेही विचारा.

कायद्याचं मात्र तुम्हाला स्वतःलाच माहीत असायला हवं. विद्यार्थी संघटनेचा अ‍ॅडव्हायझर क्लेरी कायद्याखाली (कॅम्पसवरच्या गुन्ह्यांची माहिती जाहीर करायला लावणारा कायदा) "कॅम्पस सिक्युरिटी ऑथॉरिटी" धरला जातो, म्हणजे कानावर आलेले ठरावीक गुन्हे विद्यापीठाला कळवणं तुमचं काम होतं. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारचा स्टॉप कॅम्पस हेझिंग अ‍ॅक्ट आला (हेझिंग म्हणजे संघटनेत घेताना नव्या सदस्यांचा होणारा छळ). त्यानुसार विद्यापीठाला हेझिंगची आकडेवारी वार्षिक सुरक्षा अहवालात द्यावी लागते, आणि कोणत्या संघटनेने नियम मोडले हे नावानिशी जाहीर करावं लागतं. आपल्या ओहायोत तर २०२१ पासून "कॉलिन्स लॉ" आहे. २०१८ साली जीव गमावलेल्या एका फ्रेशमनच्या (पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या) नावाचा हा कायदा. तो संमत झाला त्याच वर्षी मार्चमध्ये ओहायोतल्याच बोलिंग ग्रीन विद्यापीठात स्टोन फोल्ट्झ हा वीस वर्षांचा मुलगा फ्रॅटर्निटीच्या "बिग-लिटल" (जुन्या-नव्या सदस्यांच्या जोड्या लावायच्या) रात्री दारूची अख्खी बाटली प्यायला लावल्यामुळे गेला होता. या कायद्याने शिक्षक, कर्मचारी, माजी सदस्य, स्वयंसेवक यांच्यापैकी कोणाला आपल्या कामाच्या नात्याने हेझिंग कळलं आणि त्याने बेफिकिरीने ते पोलिसांना ताबडतोब कळवलं नाही, तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. ऑफिसला ईमेल टाकली, झालं, असं समजू नका.

तुम्ही लिहिलंय, "हेझिंग म्हणजे आपलं रॅगिंगच ना?" बरंचसं हो. आपल्याकडे महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे आणि २००९ नंतर प्रवेशाच्या वेळी प्रतिज्ञापत्र लिहून द्यावं लागतं. पण एक फरक मला कळायला तीन वर्षं लागली. होस्टेलवर रॅगिंग होतं ते ज्युनिअरच्या वाट्याला येतं, त्याने ते मागितलेलं नसतं. हेझिंग आत यायची किंमत म्हणून होतं. मुलगी स्वतःच्या पायांनी तिथे जाते, अंगावर घेते आणि वर "मला हेच हवं होतं" असं मनापासून सांगते. म्हणून तक्रार येत नाही. मेन राज्यातल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये केलेल्या देशभरच्या पाहणीत संघ, क्लब आणि संघटनांमधल्या ५५ टक्के विद्यार्थ्यांनी हेझिंगचे प्रकार अनुभवले होते. ज्यांनी त्याला हेझिंग हे नाव दिलं, त्यांच्यातल्याही ९५ टक्क्यांनी विद्यापीठाला कळवलं नव्हतं.

आणि "आपली मुलं असलं करत नाहीत" हे मनातून काढून टाका. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या बारूक कॉलेजातला एक फ्रेशमन पेनसिल्व्हेनियाच्या पोकोनो डोंगरात एका आशियाई-अमेरिकन फ्रॅटर्निटीच्या विधीत जिवानिशी गेला. डोळ्यांवर पट्टी, पाठीवर जड पिशवी आणि पुन्हा पुन्हा आडवं पाडणं. तो बेशुद्ध पडल्यावर बाकीच्यांनी लगेच मदत बोलावली नाही. ती मुलंही अभ्यासू, स्थलांतरितांच्या घरांतलीच होती.

माझ्या तिसऱ्या वर्षातली गोष्ट सांगते. न्यू मेंबर असलेली एक मुलगी माझ्या स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात होती. मिडटर्मच्या पेपरवर डोकं टेकून ती झोपली. नंतर ऑफिसात आली तेव्हा मी दार लोटून विचारलं, काय चाललंय? ती म्हणाली, "आधी प्रॉमिस करा, कोणाला सांगणार नाही." मी केलं. तिचा चेहरा बघून तोंडातून निघूनच गेलं. मग कळलं की तीन आठवडे रोज रात्री अकराला लाइनला एका घराच्या तळघरात बोलावत होते. फोन काढून घ्यायचे, भिंतीकडे तोंड करून उभं करायचे, संस्थेचा इतिहास घोकून घ्यायचे, एकीचं चुकलं की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. पहाटे तीन-चारला सुटका. दारू नव्हती, मारहाण नव्हती. "आम्ही खूप जवळ आलो त्याने," असंही ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला बोलावून सांगितलं की माझं वचन मी पाळू शकत नाही, आणि मग कळवलं. चॅप्टरचं काम थांबवल्याचं पत्र आलं, चौकशी झाली, वर्षभराचं निलंबन झालं. सीनियर मुली माझ्याशी बोलेनाशा झाल्या. ती मुलगी सोरॉरिटीतून बाहेर पडली आणि माझ्या ऑफिसात पुन्हा कधीच आली नाही. कळवण्यात माझी चूक नव्हती, वचन देण्यात होती. तिने कोणावर तरी विश्वास ठेवला आणि तो मोडायचं काम माझ्या हातून झालं, हे अजून टोचतं. तेव्हापासून दार लोटायच्या आधी माझं एक वाक्य ठरलेलं आहे: "तू सांग, मी सगळं ऐकेन. पण कोणाला धोका असेल तर मला ते पुढे सांगावं लागेल, आणि सांगायच्या आधी ते तुलाच कळेल." हे ऐकून एखादी गप्प बसून निघून जाते. बहुतेक जणी पाच मिनिटांनी बोलायला लागतात.

चॅप्टर परत सुरू झालं तेव्हा मी तीन गोष्टी लेखी घेतल्या. न्यू मेंबरच्या पूर्ण कार्यक्रमाचं वेळापत्रक आधी माझ्याकडे आणि ऑफिसकडे, रात्री दहानंतर काहीही नाही, आणि प्रोबेटची तालीम कॅम्पसवरच्या हॉलमध्ये, जिथे मी न सांगता येऊ शकते. मी येतेही, जाताना वडे नाहीतर चकल्या घेऊन जाते. कोणत्याही रिवाजाबद्दल मी एकच विचारते: हे नव्या मुलींबरोबर जुन्याही करणार का? उत्तर नाही आलं की तो बंद.

आता आपल्या लोकांपुरती एक गोष्ट, जी इथल्या कोणत्याही ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. तुम्ही भारतीय आहात म्हणूनच या मुली तुमच्याकडे आल्या, आणि त्याच कारणाने तुमच्यापासून लपवतीलही. त्यांच्या लेखी तुम्ही आधी आंटी आहात आणि मग प्रोफेसर. मंडळाच्या गणपतीत त्यांतल्या एखादीची आई तुमच्या शेजारी बसून मोदक वाढणार आणि हळूच विचारणार, "आमची नीट आहे ना हो? फोन उचलत नाही." तिथे "मजेत आहे" एवढंही बोलू नका. "तुम्ही तिलाच विचारा ना," म्हणा आणि ताट पुढे करा. मार्कांचं तर फेर्पा कायद्यामुळे (विद्यार्थ्यांच्या नोंदी खासगी ठेवणारा कायदा) बोलताच येत नाही, पण बाकीचंही नको. एका आईला मी सहज म्हणाले होते की परवा कार्यक्रमात छान नाचली. आईला तो कार्यक्रमच माहीत नव्हता. पुढचं सबंध सेमिस्टर कोणी माझ्यासमोर मोकळेपणाने हसलं नाही. आता पहिल्याच मीटिंगला सांगते: "मी तुमच्या आईची मैत्रीण असेन, पण या खोलीतलं तिच्यापर्यंत जाणार नाही." त्यानंतरच एकीने मला मावशी म्हणायला सुरुवात केली.

पैशांबद्दल थोडक्यात. वर्गणी खजिनदाराच्या स्वतःच्या व्हेन्मोवर (पैसे पाठवायच्या अ‍ॅपवर) जमा होत असेल तर ते पहिल्या महिन्यात बंद करून संस्थेच्या नावाचं बँक खाते उघडायला लावा. हॉलच्या किंवा बसच्या करारावर तुम्ही सही करू नका. तुमच्या कामाला विद्यापीठाचं विमासंरक्षण आहे का, हे विद्यापीठाच्या रिस्क मॅनेजमेंट ऑफिसकडून लेखी मागा.

दारूबद्दल फक्त उपदेश केला तर मुली मान डोलावतात आणि विसरतात. आम्ही वर्षातून दोनदा बसून विद्यापीठाचा मेडिकल अ‍ॅम्नेस्टीचा नियम मोठ्याने वाचतो. मदत बोलावणाऱ्याला आणि आजारी पडलेल्याला दारूसाठी काय माफ आहे आणि काय नाही, ते प्रत्येकीला सांगता आलं पाहिजे. मग क्रम घोकून घेते: मैत्रीण उठत नाही, की आधी ९११, मग चॅप्टरची प्रेसिडेंट, मग मी. मला फोन करायला दोन मिनिटंसुद्धा घालवायची नाहीत. नऊ वर्षांत रात्री असा फोन मला दोनदा आला. दोन्ही वेळा अ‍ॅम्ब्युलन्स माझ्या आधी पोचली होती.

वेळेचं विचारलंत. महिन्याला सहा ते आठ तास धरा, न्यू मेंबरच्या दिवसांत दुप्पट. टेन्यूरच्या (कायम नोकरीच्या) फाइलमध्ये याला फारसं वजन नाही, हे खरं आहे. तुमच्या विभागप्रमुखांशी आधी बोला.

त्या तिघींना या आठवड्यात बोलावून घ्या आणि विचारा: मागच्या अ‍ॅडव्हायझरने का सोडलं, चॅप्टरवर आधी काही कारवाई झाली आहे का, आणि पुढच्या लाइनचं वेळापत्रक कुठे आहे. तिसऱ्या प्रश्नाला त्या एकमेकींकडे बघायला लागल्या तर सही लांबवा, पण त्यांना परत पाठवू नका. वेळापत्रक सोबत बसून करा. माझ्या पहिल्या मीटिंगचा एक पानी कागद आहे, निरोप टाकलात तर पाठवते.