डिस्कव्हरी ४ चा हेडलाइट बंपर न उतरवता निघतो का? फोकस घरी सेट करता येतो का?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. 2012 ची सेकंडहँड लँड रोव्हर डिस्कव्हरी ४, डाव्या हेडलाइटच्या आत वाफ धरते आहे, त्याचा लो बीम झाडांच्या शेंड्यांवर पडतो आहे, आणि गॅरेजवाला म्हणतो आहे की बंपर उतरवल्याशिवाय दिवा निघणार नाही. शेवटचं आधी सांगतो. बंपर उतरवायची गरज नाही. पानासुद्धा लागत नाही. पुष्कळ गाड्यांना दिवा काढायचा म्हणजे बंपर खोलावाच लागतो, त्यामुळे त्या माणसाने सवयीने सांगितलं असेल. पण डिस्कव्हरी ३ आणि ४ चा दिवा हाताने निघेल असाच बसवलेला आहे.

इग्निशन बंद करा, किल्ली खिशात ठेवा आणि दिवा नुकताच लागलेला असेल तर गार होऊ द्या. तुमच्याकडे झेनॉन, म्हणजे तारेऐवजी वायूतून ठिणगी पाडून उजेड देणारा दिवा असेल तर हे चुकवू नका. झेनॉनचा बल्ब पेटताना वीस हजार व्होल्टच्या वर झटका देतो, तिथे धाडस दाखवायचं नसतं. मग बोनेट उघडा. दिव्याच्या मागे, वरच्या बाजूला प्लास्टिकचे दोन खटके दिसतील. त्यांची जीभ दाबून खटके वर ओढा. आता दिवा दोन्ही हातांनी धरून सरळ पुढे सरकवा. तिरका ओढू नका, हिसका देऊ नका. जुन्या गाडीत धुळीने तो अडकून बसलेला असतो, थोडा डावी-उजवीकडे हलवला की सुटतो. त्याआधी बंपरच्या कडेला मास्किंग टेप किंवा जुनं फडकं लावा, नाहीतर रंगावर ओरखडा ठरलेला. दिवा अर्धा बाहेर आला की मागचं कपलर, म्हणजे वायरचा प्लग दिसेल, त्याचा लॉक दाबून ते सोडवा. वायरला धरून ओढू नका.

वाफेचं कारण बहुतेक वेळा मागच्या झाकणात सापडतं. कुणीतरी बल्ब बदलताना झाकण नीट बसवलेलं नसतं किंवा त्याची रबरी रिंग दुमडलेली असते. रिंग पुसून बसवा, दिवा एक दिवस कोरड्या खोलीत झाकण उघडं ठेवून वाळवा. हेअर ड्रायर लावू नका, आतलं प्लास्टिक वाकतं. बल्ब बदलायचा असेल तर जुन्यावरचा नंबर वाचून तोच आणा. डी१एस आणि डी३एस हे झेनॉन बल्बचे दोन प्रकार 35 वॅटचे असले तरी पहिला सुमारे 85 व्होल्टवर चालतो आणि दुसरा 42 वर, एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

आता फोकसकडे. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण माझा स्वतःचा गाढवपणा इथेच झाला आहे.

माझ्या गाडीचं पुढचं काम एका गॅरेजात झालं होतं. त्यानंतर ताम्हिणी घाटातून रात्री माणगावकडे उतरत होतो, तर समोरून येणारा प्रत्येक जण मला डिपर मारत होता. एका एसटीच्या चालकाने तर खिडकीतून हात काढून माझा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी मीच स्क्रू फिरवून दिवा खाली आणला. चार दिवसांनी तो परत वर. पुन्हा फिरवला. तिसऱ्या वेळी कंटाळून दिव्यावर तळहात ठेवून आत दाबलं, तर ‘खट’ असा आवाज झाला आणि दिवा चांगला अर्धा सेंटीमीटर मागे गेला. म्हणजे एक खटका पहिल्यापासून लागलेलाच नव्हता. दिवा खड्ड्याखड्ड्याला जागा बदलत होता आणि मी स्क्रूने त्याची समजूत काढत होतो. दिवा जागेवर बसल्यावर माझं सगळं सेटिंग अर्थातच चुकीचं ठरलं, आता प्रकाश बोनेटच्या जेमतेम पुढे पडायला लागला.

म्हणून स्क्रूला हात लावायच्या आधी दिवा हलवून बघा. तो जरासुद्धा खुळखुळत असेल तर खटके किंवा दिव्याचे प्लास्टिकचे कान तपासा. कान तुटला असेल तर त्यावर एम-सील थापू नका. ते दोन मिलिमीटर जाड बसलं तरी कोन बदलतो. प्लास्टिक वेल्डिंग करणारे लोक आता बऱ्याच गावांत आहेत, त्यांच्याकडून जोडून घ्या.

दुसरी तपासणी गाडीच्या उंचीची. तुमच्या गाडीला एअर सस्पेन्शन आहे, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या, त्यामुळे गाडी वरखाली करता येते. ऑफ-रोड उंचीला ती नेहमीपेक्षा 55 मिलिमीटर वर जाते, चढाउतरायच्या उंचीला 50 मिलिमीटर खाली येते. फोकस बघायचा तो फक्त नेहमीच्या उंचीवर, इंजिन सुरू ठेवून. चारी दारं आणि मागची डिकी नीट बंद हवी, कारण दार उघडं असलं की गाडी उंची बदलत नाही. चारी चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत टेपने मोजा. पुढची दोन चाकं एकमेकांशी आणि मागची दोन एकमेकांशी जवळपास जुळायला हवीत. एखादा कोपरा बसला असेल तर तुमचा आजार हेडलाइटचा नाहीच, आधी सस्पेन्शन दाखवा. टायरमधली हवा बरोबर, डिझेल साधारण अर्धी टाकी, आणि ड्रायव्हरच्या सीटवर एक माणूस. युरोपीय नियमात तो 75 किलोचा धरतात. आमच्याकडे मेव्हणा बसला, तो थोडा जास्तच भरला, चालतं.

आता भिंत. दहा मीटर सपाट जागा आणि समोर सरळ भिंत हवी. सोसायटीचं पार्किंग डोळ्याला सपाट दिसतं, पण पाणी वाहून जावं म्हणून त्याला उतार दिलेला असतो. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्याने भरून चाकापासून भिंतीपर्यंत पातळी तपासा. हा उपद्व्याप वाटेल, पण शंभरात एक एवढा उतारसुद्धा तुमचं सगळं मोजमाप खोटं ठरवतो.

दिव्याचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. उदाहरणासाठी 92 सेंटीमीटर धरू. दिव्यावर किंवा बोनेटखाली टक्केवारीचा छोटा शिक्का असतो, तो शोधा. एक टक्का असेल तर दहा मीटरवर प्रकाशाची वरची कड 10 सेंटीमीटर खाली, म्हणजे भिंतीवर 82 वर हवी. तिथे टेपची आडवी पट्टी लावा. जागा पाच मीटरच असेल तर 5 सेंटीमीटर खाली. या हिशेबाने ती कड रस्त्याला सुमारे 92 मीटरवर टेकते. आता उलट बघा: दिवा एकच टक्का वर रोखलेला असेल तर पन्नास मीटरवर प्रकाश 142 सेंटीमीटर उंचीवर जातो. समोर छोटी कार असेल तर प्रकाशाची कड चालकाच्या डोळ्यांच्याही वर जाते, म्हणजे प्रकाश थेट त्याच्या डोळ्यांत, आणि मग तो डिपर मारणारच.

एका वेळी एकच दिवा बघा, दुसऱ्यापुढे थोडा वेळ पुठ्ठा धरा. दिव्याच्या मागे दोन स्क्रू आहेत, एक वरखाली करणारा, एक डावी-उजवीकडे करणारा. दोन्हींवर आधी मार्करने खूण करा, म्हणजे काही बिघडलं तर मूळ जागी येता येईल. पाव वळण द्या, भिंतीकडे बघा, मग पुढचं पाव. आपल्याकडे वाहतूक डाव्या बाजूने, त्यामुळे लो बीमची कड उजवीकडे सपाट आणि डावीकडे तिरकी वर चढलेली दिसते. चढ सुरू होतो तो कोपरा दिव्याच्या बरोबर समोर आला पाहिजे.

तो चढ उजवीकडे दिसत असेल तर थांबा. तो दिवा उजव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशातला आहे. दुबईहून आलेले जुने दिवे स्वस्तात मिळतात आणि दिसायला हुबेहूब असतात. ते स्क्रूने सुधारत नाहीत. काही झेनॉन दिव्यांत मागचं झाकण उघडल्यावर बाजू बदलायची छोटी कळ असते, ती नसेल तर दिवा परत करा.

झेनॉन असेल तर आणखी एक. दिवे लावून गाडी सुरू केली की भिंतीवरची कड क्षणभर खालीवर होऊन स्थिरावते, कारण गाडी झोताची उंची स्वतःच ठरवत असते. ही हालचाल होत नसेल किंवा डॅशबोर्डवर हेडलाइटचा इशारा असेल तर स्क्रू फिरवण्यात अर्थ नाही, स्कॅनर लावून दुरुस्ती करावी लागेल. कपलर काढून लावल्यावर येणारा इशारा मात्र बऱ्याचदा इग्निशन बंद-चालू केलं की जातो.

जुन्या ट्रकांसारखा दिव्याच्या वरच्या भागावर काळा पट्टा मारा, असं कुणी सांगेल. तुमच्या प्रोजेक्टर, म्हणजे आत भिंग असलेल्या दिव्यात तो फक्त उजेड खाईल.

शेवटी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 106 क्रमांकाच्या नियमाची कसोटी करून बघा. दिव्यापासून 8 मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला लो बीमने दिपायला नको. तिथे स्वतः उभे राहा, गरज पडली तर थोडे वाका. मी उभा राहिलो तेव्हा मेव्हण्याने गंमत म्हणून हाय बीम लावला होता, तेवढं तुमच्या माणसाला आधी बजावून ठेवा.