राउटर जळला म्हणून इन्व्हर्टर घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा. कुडाळच्या एक वाचक ताई घरून एका कंपनीचं ग्राहकसेवेचं काम करतात. रोज संध्याकाळी ५ तास, तासाला १५० रुपये. पहिल्याच पावसात लाइट गेली. दुसऱ्या दिवशी आली ती दिवे भगभगत, आणि फायबरचा डबा (ओएनटी), राउटर आणि एक पंखा घेऊन गेली. ५ संध्याकाळींचं काम बुडालं. आता दुकानदाराने ३४,००० चा इन्व्हर्टर ‘नो-कॉस्ट ईएमआय’वर सांगितलाय, रोख घेतला तर ३१,५००. हाताशी ६०,००० ची एफडी आहे, घरखर्च महिन्याला २५,००० च्या आसपास. हप्ता घ्यावा की एफडी मोडावी, असं त्या विचारतात. शिवाय एक विमा एजंट त्यांना घराची पॉलिसी सुचवतोय.

ताई, सध्या दोन्ही नको. बुडालेले ३,७५० रुपये कसे बुडाले ते आधी मांडू. तुमच्याच पत्राप्रमाणे ५ पैकी एकाच संध्याकाळी लाइट नव्हती. उरलेले ४ दिवस लाइट होती, यंत्रं नव्हती. म्हणजे इन्व्हर्टरने वाचले असते ७५० रुपये. बाकीच्या ३,००० साठी इन्व्हर्टर घेणं म्हणजे आग सोमेश्वरी नि बंब रामेश्वरी.

दिवे भगभगून वस्तू जळतात, तेव्हा पहिला संशय न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तुटल्याचा घ्यावा. २३० व्होल्टच्या जागी घरात ४०० च्या आसपास दाब येऊ शकतो. साधा एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) यावर पडत नाही, तो जास्तीचा करंट ओळखतो, व्होल्टेज नाही. व्होल्टेज वाढलं की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो हे खरं, पण एवढ्या दाबाला तोच जायची भीती, आणि फ्रिज-टीव्हीला संरक्षण नाहीच. ९०० रुपयांची सर्ज पट्टी विजेचा क्षणिक झटका झेलते, मिनिटभर टिकणारं जास्त व्होल्टेज नाही. शिवाय तिला अर्थिंग लागतं. जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, मागे वायरच नसते. वायरमनकडून ते आधी तपासून घ्या.

तुम्हाला हवाय तो मेन बोर्डात बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. दाब मर्यादेबाहेर गेला की तो घराचा पुरवठा तोडतो आणि स्थिर झाल्यावर थोडं थांबून जोडतो. मजुरीसकट २ ते ३ हजार धरा. पैसे पहिले इथेच जाऊ द्या.

मग ओएनटी आणि राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस, म्हणजे अडॅप्टर आणि डबा यांच्यामध्ये बसणारी छोटी बॅटरी. दीड हजाराच्या आसपास मिळतो आणि दोन-तीन तास काढतो. तेवढा वेळ लॅपटॉपची स्वतःची बॅटरी असतेच. घेताना अडॅप्टरवरचं लेबल वाचा: १२ व्होल्ट, १ किंवा १.५ किंवा २ अँपिअर, जे असेल ते. व्होल्ट तंतोतंत जुळला पाहिजे, अँपिअर निदान तेवढा हवा, पिनही तीच. एकाच यूपीएसवर दोन्ही डबे लावायचे तर अँपिअरची बेरीज करा. जोडीला एक जादा अडॅप्टर आणि वेगळ्या नेटवर्कचं दुसरं सिम ठेवा. सिमच्या हॉटस्पॉटवर ते ४ दिवस बहुतेक निघाले असते. सगळं मिळून ६-७ हजार. महिन्याच्या पगारातून दोन टप्प्यांत होईल, एफडीला हात लावायला नको.

नवीन यंत्रं घेण्याआधी दोन गोष्टी. ओएनटी बऱ्याचदा इंटरनेट कंपनीच्या मालकीचा असतो, तेव्हा बदलून मागा. राउटर मेला असं धरू नका, अनेकदा फक्त अडॅप्टर जातो. त्याच व्होल्टचा, तितक्याच अँपिअरचा शेजाऱ्याचा अडॅप्टर लावून बघा. लागला तर ३००-४०० रुपयांत काम. ओएनटीवर लाल एलओएस दिवा असेल तर बहुधा फायबर तुटलीय, तिथे तुम्ही खर्च करायचा प्रश्नच नाही. पुढच्या वेळी लाइट जाताच प्लग काढा. आल्यावर १० मिनिटं थांबून आधी ओएनटी, त्याचा पॉन दिवा स्थिर झाला की राउटर. आणि वीज कंपनीच्या १९१२ वर तक्रार नोंदवून क्रमांक ठेवा. त्याच डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) शेजाऱ्यांचंही नुकसान झालं असेल तर सगळ्यांनी मिळून लेखी द्या.

आता हप्त्याबद्दल. ३१,५०० ची वस्तू १२ महिन्यांत ३४,००० ला, म्हणजे व्याज वर्षाला साडेचौदा टक्क्यांच्या घरात. प्रोसेसिंग फी वेगळी. याला नो-कॉस्ट म्हणायचं धाडस दुकानदाराचंच. त्या मानाने एफडी मोडणं स्वस्त, दंड म्हणून व्याजदर साधारण अर्धा ते एक टक्का कमी मिळतो. पण मोडल्यावर हाती उरतील २८,५००, म्हणजे जेमतेम एका महिन्याचा खर्च. तासावर पगार घेणाऱ्या माणसाने एवढ्यावर राहू नये.

इन्व्हर्टरला माझा कायमचा नकार नाही. जुलै ते सप्टेंबर वहीत लिहा: लाइट किती तास गेली, आणि डीसी यूपीएस नि सिम असूनही काम किती तास बुडालं. आयुष्य ५ वर्षं धरलं तर इन्व्हर्टर वर्षाला ६,३०० ला पडतो, म्हणजे तुमचे ४२ तास. त्याहून जास्त बुडत असतील तर दिवाळीच्या सुमारास रोखीने घ्या. सासूबाईंना रात्री पंखा हवा म्हणून घ्यायचा असेल, तर तेही रास्त कारण आहे, फक्त तो हिशेब कमाईच्या खात्यात घालू नका.

एजंट जी घराची पॉलिसी सुचवतोय, ती आग-पुरासाठी जरूर बघा. एप्रिल २०२१ पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’मध्ये घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, घरातलं सामान आपोआप धरलं जातं. पण जादा दाबाने किंवा शॉर्ट सर्किटने जळालेलं विजेचं उपकरण त्यातून वगळलेलं असतं. राउटरचे पैसे मिळतील असं तो सांगत असेल, तर ते कलम त्याच्याकडून लेखी मागा.