बेपत्ता व्यक्ती सात वर्षांनी आपोआप मृत ठरते का?

कोकणातील बंदरगावी बोटीवर कामाला गेलेला आपला भाऊ आठ वर्षांपासून बेपत्ता आहे आणि सातबाऱ्यावर वारसांची नावे आता आपोआप चढतील का, असे आपण विचारले आहे. आपोआप काहीही होत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १११ नुसार (पूर्वीच्या भारतीय पुरावा अधिनियमातील कलम १०८), ज्याची खबर स्वाभाविकपणे ज्यांना लागली असती त्यांनाच सात वर्षे लागलेली नाही, तो हयात असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. म्हणजे ती व्यक्ती मृत असल्याचे गृहीत धरले जाते. परंतु हे गृहीतक न्यायालयापुढे मांडावे लागते. त्यामुळे दिवाणी दावा करून तशी घोषणा मिळवावी. मृत्यूची नोंद आणि फेरफार (सातबाऱ्यावरील नावांचा बदल) त्यानंतरच.

मृत्यूची तारीख मात्र या गृहीतकातून ठरत नाही, ती पुराव्यानेच सिद्ध करावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये एका विमा प्रकरणात स्पष्ट केले. त्या प्रकरणात हप्ते थांबल्याने पॉलिसी बंद पडली होती, म्हणून भावाचा विमा असल्यास हप्ते भरत राहावे.

यवतमाळकडच्या आमच्या गावात माझ्या मावसबहिणीने नवऱ्याच्या ‘मिसिंग’ नोंदीची प्रत, घडीवर विरलेली, कपाशीच्या बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत जपली होती. दाव्यात तोच कागद सर्वांत उपयोगी पडला. आपल्याकडे ती नसेल तर संबंधित पोलीस ठाण्यातून आधी मिळवा. आणि दाव्यापूर्वी वहिनींशी निवांत बोला, कारण माझी बहीण निकालानंतरही कुंकू लावते आणि घरातले कोणीही तिला त्याबद्दल विचारत नाही.