बंद विमानात हवा येते कुठून?

प्रश्न : लेकीच्या बाळंतपणासाठी पहिल्यांदाच अमेरिकेला निघाले आहे. सोळा-सोळा तास बंद विमान आणि आत तीनशे माणसं. एवढा ऑक्सिजन टाक्यांत भरून नेतात का? वाटेत संपला तर?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, टाक्या नाहीत, हवा बाहेरचीच. तीस वर्षं मी सांताक्रूझला हँगरमध्ये विमानं दुरुस्त केली, आणि घरच्या लग्नकार्यात अजूनही मला हाच प्रश्न विचारतात.

पस्तीस हजार फुटांवरही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो. पण हवा विरळ, दाब जमिनीवरच्या जेमतेम पाव. इंजिन ती ओढून दाबतंच. त्यातली थोडी, इंधन मिसळायच्या आधीच, पाइपाने काढून घेतात. बाहेर उणे ५५ अंश, पण दाबल्यावर तीच हवा दोनशेच्या वर तापते! मग विमानाच्या पोटातल्या यंत्रात ती गार होते. त्याला आम्ही ‘पॅक’ म्हणायचो. तिथून वरच्या फटींतून ती तुमच्यापर्यंत. जोडीला आतलीच हवा गाळून फिरवतात. बोइंग ७८७ मध्ये इंजिनाऐवजी विजेचे पंप हे काम करतात.

आणि शेपटीकडे एक झडप असते, तिच्यातून हवा सतत बाहेर जाते. पंक्चर टायरला पंप मारत राहावा, तसंच. भोक किती उघडं ठेवायचं, सगळी गंमत त्यात. आतला दाब फार तर आठ हजार फुटांवरच्याइतका उतरतो, म्हणजे उटीहून थोडं वर. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच निघा. हवा कोरडी असते, पाणी पीत राहा.

यात चूक होतच नाही असं नाही. २०१८ मध्ये मुंबईहून जयपूरला निघालेल्या विमानात इंजिनाकडून हवा घेण्याचं बटण सुरू करायचंच राहिलं. प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आलं, विमान मुंबईला परतलं. अशा वेळी वरून मास्क पडतात. नुसता तोंडाला धरू नका, ओढा. ओढल्यावरच ऑक्सिजन सुरू होतो. तो बहुतेक विमानांत बारा-पंधरा मिनिटं पुरतो, तेवढ्यात पायलट दहा हजार फुटांपर्यंत खाली आणतो.

एक आधीच सांगून ठेवतो. इंजिन सुरू करताना डोक्यावरची हवा थोडा वेळ थांबेल. घाबरू नका, ती इंजिन फिरवायला गेलेली असते.