कॅन्सर रजिस्ट्रीच्या (कुणाला कॅन्सर झाला, कोण त्यानं वारलं याच्या नोंदणीच्या) डेटावर पीएचडी केली आहे. कॅन्सर संशोधनात परदेशी पोस्टडॉक (पीएचडीनंतरची) फेलोशिप मिळेल का?

मिळेल. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, ‘गाइड म्हणतात रजिस्ट्रीच्या आकड्यांना बाहेर कोण विचारतं, आधी एखाद्या लॅबमध्ये शिर.’ ते वाचून राहवलं नाही.

माझ्या गाइडनी याच कामाला ‘कारकुनी’ म्हटलं होतं, तेही चारचौघांत. मी तेव्हा सोलापूर-उस्मानाबादच्या गावांतून कॅन्सर नोंदणीवाल्यांबरोबर फिरत होते. ग्रामसेवकाच्या रजिस्टरात मृत्यूचं कारण म्हणून ‘वृद्धापकाळ’ नाहीतर ‘हृदयक्रिया बंद’. ‘इथं कॅन्सरनं कोण वारलं?’ असं विचारलं की माणसं गप्प. मग बरोबरच्या ताई विचारायच्या, ‘दिवाळीनंतर कुणाकडं दुखवटा झाला?’ की घरं कळायची. वय विचारलं तर ‘दुष्काळात लग्न झालं, तवा पंधराची होते’. म्हणजे १९७२ धरून हिशोब करायचा. दवाखान्याच्या कार्डावर भागीरथी, रेशनकार्डावर भागाबाई. बाई एकच की दोन, हे घरी जाऊनच ठरायचं. हे कारकुनी असेल तर असो!

बार्शीची रजिस्ट्री १९८७ची, देशातली पहिली ग्रामीण. त्याच पट्ट्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्योनची आयएआरसी (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संस्था) यांनी मिळून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी कितपत उपयोगी पडते, याची चाचणी केली. १ लाख ३१ हजारांवर बायका. एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणीनं मृत्यू जवळपास निम्मे झाले, हे २००९ साली छापून आलं आणि जगभर वाचलं गेलं. मृत्यू नीट मोजलेच नसते तर निम्मे झाले हे कुणाला कळलं असतं?

माझ्या फेलोशिपच्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न होता, मृत्यूचा दाखला नसेल तर कारण कसं ठरवता? मी दुखवट्यापासून सुरुवात केली. बाकीचे प्रश्न त्यावरच झाले.

आता तुमचं. आयएआरसीच्या पोस्टडॉक फेलोशिप कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या लोकांसाठीच असायच्या, शिवाय मायदेशी परतून काम सुरू करायला रिटर्न ग्रँट. परतायची अपेक्षा ही लोकांना बेडी वाटते. मला ती सगळ्यात चांगली गोष्ट वाटली, कारण आपला डेटा इथं आहे, तिकडं नाही. अमेरिकेत एनआयएचच्या (तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या) एफ-३२ या पोस्टडॉक फेलोशिपच्या मागे लागू नका, ती नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठीच आहे. एनआयएचच्या स्वतःच्या लॅब मात्र परदेशी पोस्टडॉक घेतात. युरोपात मारी क्युरी फेलोशिपला राष्ट्रीयत्वाची अट नाही, पण मागच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. तेव्हा ‘आधी तिकडं जाऊन तर बस’ हा सल्ला ऐकाल तर पायावर धोंडा पाडून घ्याल. अर्ज कुठेही करा, ज्यांच्याकडे काम करायचंय त्यांना आधी मेल टाका. ‘रिस्पेक्टेड सर’ छापाचा नको. त्यांचा पेपर वाचून, तुमच्या डेटात त्यांना काय सापडेल ते दोन परिच्छेदांत.

हे सगळं एपिडेमिऑलॉजीवाल्यांसाठी, म्हणजे लोकांमध्ये आजार किती आणि का होतात हे मोजणाऱ्यांसाठी. पेशी, उंदीर, जनुकांचं सिक्वेन्सिंग असं लॅबमधलं काम असेल तर गणित वेगळं, आणि पेपर छापलेला नसेल तर रजिस्ट्रीही वाचवणार नाही. अटी दर वेळी बदलतात, चालू वर्षाची जाहिरात स्वतः वाचा. पीएचडीनंतर किती वर्षं चालतात ते आधी बघा, तिथंच बरेच जण बाद होतात.

आणि शिफारसपत्र. गाइडचं लागतंच, पण एक पत्र रजिस्ट्रीच्या डॉक्टरांकडून घ्या, ज्यांनी तुम्हाला उन्हात फिरताना पाहिलंय. माझ्या गाइडच्या पत्रात माझी उपस्थिती समाधानकारक होती एवढंच होतं.